सहावी काच

उस्मानाबादच्या त्या सरकारी कचेरीत लिंबाजी बनसोडेच्या टेबलावर हातानं फिरवायचं हिशेबाचं यंत्र होतं. आकडे लावायचे, दांडा गरागरा फिरवायचा, की खडखडाट करत ते गुणाकार-भागाकार करून द्यायचं. शिपाई त्याला ‘साहेबांचा चरक’ म्हणत. रस तेवढा निघत नाही, बाकी आवाज रसवंतीचाच, असं त्यांचं म्हणणं. लिंबाजी हसून सोडून द्यायचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस त्या कचेरीत तोच एकटा, आणि ज्याचं काम कुणाला कळत नाही त्याची टिंगल करायची आपल्याकडे रीतच आहे.

काम मात्र टिंगलीचं नव्हतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाच्या आसपास गाड्या फार ठोकल्या जात. त्याच पट्ट्यात खडी फोडणारी यंत्रं वाढली होती, ट्रकांचा काळा धूर होता, गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी होती. हवेत एवढं सगळं तरंगत असेल तर ड्रायव्हरला समोरचं दिसणार कसं, आणि दिसलं नाही तर ठोकणार नाही तर काय, असा वरच्यांचा सरळ हिशेब. म्हणून वरून हुकूम आला. हवेतली धूळ मोजा, अपघात मोजा, दोन्हींचा संबंध जोडणारं समीकरण बसवा, म्हणजे पुढचे अपघात आधी सांगता येतील. हे साल चौऱ्याऐंशी.

कचेरीचे मुख्य वीरभद्र स्वामी. माणूस उमदा, पण कागद दोन पानांच्या पुढं गेला की जांभई देणारा. त्यांनी लिंबाजीला बोलावून घेतलं.

“बनसोडे, मला एकच सांगा. उद्या कुठं ठोकणार ते तुमचं मॉडेल सांगेल का?”

“नेमकं नाही सांगणार, साहेब. शक्यता सांगेल.”

“म्हणजे हवामान खात्यासारखं.”

“तसंच.”

“मग हरकत नाही. चुकलं तरी कुणी विचारायला येत नाही.”

धूळ मोजायची पद्धत लिंबाजीनं साधी ठेवली. काचेच्या पट्टीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा आणि ती उघड्या तोंडाच्या लाकडी पेटीत चोवीस तास ठेवायची. उडती धूळ तिला चिकटते. सकाळी ती काढायची, नवी लावायची आणि जुनी भिंगाखाली धरून कण मोजायचे. त्यानं रस्त्याच्या कडेनं सहा जागा निवडल्या आणि प्रत्येक ठिकाणी एका माणसाला काच बदलायची जबाबदारी दिली. शाळेच्या मुलांची असते तशा कंपासपेटीत काच ठेवून ते एस.टी.च्या कंडक्टरकडं देत, आणि दुपारपर्यंत ती लिंबाजीच्या टेबलावर येई.

सहावी पेटी महांतप्पाच्या ढाब्यावर होती. नळदुर्ग सोडून मुरुमकडं निघालं की रस्ता एका उघड्या माळावर चढतो आणि माथ्यावर डावीकडं वळतो. त्या वळणाच्या अलीकडं हा ढाबा. चार बाजा, पाण्याचा रांजण, लिंबाचं एक झाड आणि सतत जळणारी चूल. महांतप्पा मूळचा आळंदच्या बाजूचा, पोटानं मोठा आणि बोलायला कमी. लिंबाजी झाडाला पेटी ठोकत होता तेव्हा माळाच्या अंगानं टकटक ऐकू येत होती. एक हातोडा नव्हे. बरेच होते, एकामागून एक पडणारे, दगडावर लोखंडाचा तो कोरडा आवाज.

“खाण चालू आहे का इथं?” त्यानं विचारलं.

“दगड फोडायचं हाय की, साहेब,” महांतप्पा म्हणाला. “रोजचंच.”

लिंबाजीला बरंच वाटलं. जवळ दगड फोडतात म्हणजे इथं धूळ जास्त मिळणार. चहा पिऊन तो निघाला.

पुढं वर्षभर काचा येत राहिल्या. नळदुर्गच्या ठाण्याकडून रोजचा अपघाताचा निरोप यायचा. काही नसेल तर ‘निरंक’. दोन्हींचे आकडे साठले तसा लिंबाजी दांडा फिरवायला बसला. धूळ, ट्रकांची संख्या, वारा, उसाचा हंगाम, मुरुमचा बाजार, सगळं त्यानं समीकरणात घातलं. पाच जागांचं उत्तर अपेक्षेप्रमाणं आलं. धूळ वाढली की अपघात वाढतात. फार घट्ट नाही, पण संबंध होता. त्या पाच जागांवर तो खूश होता.

सहाव्या जागेचं चिन्ह उलटं आलं.

त्यानं पुन्हा दांडा फिरवला. पुन्हा उलटं. महांतप्पाच्या ढाब्यावर धूळ नेहमी भरपूर असायची, काळ्या दगडाची, धारदार कणांची. पण अधूनमधून एखादी काच कोरी यायची. नुसतं व्हॅसलिन, आत हवेचे चार बुडबुडे. आणि ज्या सकाळी कोरी काच निघे, त्या दिवशी पुढची काच बदलायच्या आत वळणावर माणूस गेलेला असे. गाडीचा पत्रा चेपला, कुणाचा हात मोडला, अशा अपघाताला काच नेहमीसारखी मळकी. माणूस जाणार असेल तरच कोरी. एकदाही चुकलेलं नव्हतं.

स्वामीसाहेबांनी आलेख लांब धरून पाहिला. “ते केंद्र वगळा,” ते म्हणाले. “तो ढाबेवाला काच लावायला विसरत असेल.”

“साहेब, विसरायचा तर कधीही विसरला असता. याच दिवशी का विसरेल?”

“योगायोग.”

“पाच केंद्रांचे मिळून आकडे जेवढे जुळत नाहीत तेवढे या एकट्याचे जुळतायत. चूक असती तर आकडे विस्कटलेले दिसले असते.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग तुमचं म्हणणं काय? हवा स्वच्छ झाली की माणसं मरतात? हे मी वर पाठवू?”

लिंबाजीनं आलेख गुंडाळला. त्याला एवढंच वाटलं, की महांतप्पा काहीतरी लबाडी करतोय. कशासाठी करत असेल हे सुचेना, कारण काच आधी निघते आणि अपघात मागून होतो. तरी त्यानं रजा न टाकता कामावरच चार-आठ दिवस नळदुर्गला मुक्काम ठेवला आणि रोज सकाळी स्वतः ढाब्यावर जाऊन काच बदलू लागला.

पहिल्याच दिवशी तो खाण बघायला गेला. टकटक चालूच होती. आवाजाच्या रोखानं माळ तुडवत गेला, तसा एक जुना खड्डा लागला. तळाला वेड्या बाभळी मांडीएवढ्या झाल्या होत्या. एका बाजूची दरड वरपासून खालपर्यंत कोसळलेली, तिच्यावर गवत वाळून पिवळं पडलेलं. ताजी कपची नाही, पायवाट नाही, माणूस नाही. तो खाली उतरला तेव्हा आवाज ऐकू येत नव्हता. आपण चुकीच्या खड्ड्यात आलो असं समजून तो परत रस्त्यावर आला, आणि रस्त्यावर येताच मागून, त्याच खड्ड्याच्या बाजूनं, टकटक पुन्हा ऐकू आली.

“खाण तर बंद आहे,” तो महांतप्पाला म्हणाला.

“बंद होऊन जमाना झाला. बहात्तरच्या दुष्काळातली हाय ती.”

“मग फोडतंय कोण?”

महांतप्पानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. “तुमी तुमची काच बदला, साहेब. च्या गार व्हायलाय.”

लिंबाजी भित्रा नव्हता. आईनं त्याला भ्यायला शिकवलंच नव्हतं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा मथुराबाईनं घरातले देव टोपल्यात घालून स्वतः बोरी नदीत सोडले होते, आणि सासू रडत बसली तर तिला म्हणाली होती, की एवढी वर्षं पाणी घातलं, आता तेच पाण्यात बसू द्या. नवरा लवकर गेला. बहात्तर साली थोरला लिंबाजी औरंगाबादला बोर्डिंगात शिकत होता आणि धाकटा गुलाब नऊ वर्षांचा, तिच्यापाशी होता. मथुराबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि त्यावर दोन्ही पोरं जगवली. आता ती लिंबाजीकडं उस्मानाबादला राहायची. खडी फोडायचा तो लहान हातोडा अजून तिच्या चुलीपाशी असायचा. खडे मीठ ती त्यानंच फोडायची. दुकानातलं बारीक मीठ तिला मीठच वाटत नसे. दांडा चार बोटांच्या जागी झिजून खोलगट झालेला होता.

रविवारी तो घरी आला तेव्हा ती ओसरीत मीठच फोडत बसली होती. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, “आई, तू खडी फोडायला होतीस ती खाण नळदुर्गाच्या पुढची का? माळावरची, वळणापाशी?”

“व्हय. तीच की.”

“तिथं दिवसभर काम चालायचं? मधे कधी बंद असायचं?”

“बंद कशाला. आमी मुकादमाच्या सांगण्यानं थांबणाऱ्या बाया नव्हताव. खडीचं मोजमाप व्हायचं, मोजमापावर दाणं मिळायचं. हात थांबला की लेकरू उपाशी.” ती हसली. मग हातोडा खाली ठेवून म्हणाली, “एक तेवढं होतं. मढं निघालं की थांबायचो.”

“कसलं मढं?”

“कुणाचंबी. दुष्काळ होता, रोज कुठलं ना कुठलं गाव मढं घेऊन रस्त्यानं जायचं. माळावरनं लांबचं दिसतं. पयली जिला दिसलं तिनं हातोडा पालथा टाकायचा, की समद्यांनी टाकायचा. जाणाऱ्याच्या अंगावर धूळ उडू न्हाय म्हणून. मढं वळणाआड झालं की मग पुन्हा सुरू. मुकादम शिव्या द्यायचा, पण एकीनंबी हात उचलला न्हाय.”

 मिठाचा एक खडा लिंबाजीच्या पायाशी उडाला होता, तो त्यानं उचलून सुपात टाकला.

“त्या बाया कुठल्या होत्या?”

“आपल्याच वाडीच्या. कडूबाई, विठाबाई, जाईबाई, आमी एका पंगतीला बसायचो.” मथुराबाई सुपाकडं बघत होती. “दरड पडली तवा समद्या खालीच होत्या. गुलाबला ताप होता त्या दिवशी, म्हणून म्या गेले न्हाय. न्हायतर माझीबी जागा तितंच. आन् गुलाब माझ्या बाजूलाच असायचा, पोत्याच्या सावलीला.”

हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. लिंबाजीला भडभडून आलं. त्यानं मग काचांचं सगळं तिला सांगून टाकलं, टकटकीसकट. वाटलं होतं, ती त्याला खुळ्यात काढेल.

“भूत-बित काय नसतंय,” ती म्हणाली. “बाया हायत त्या. त्यांचं काम करायल्यात.” आणि तिनं पुन्हा मीठ फोडायला घेतलं.

सोमवारी सकाळीच तो नळदुर्गला परतला आणि ढाब्यावरची काच बदलली. मंगळवारी सकाळी पुन्हा ढाब्यावर गेला. ऊन कोवळं होतं, हवा पडलेली. महांतप्पा चुलीपुढं उभा होता आणि चुलीकडं बघत नव्हता. माळाकडं बघत होता.

टकटक बंद होती.

लिंबाजीनं पेटीतून काच काढली. आरपार लिंबाची पानं दिसली, एकेक शीर दिसली. त्यानं स्वतः आदल्या सकाळी लावलेली काच. व्हॅसलिनवर त्याच्याच बोटाची रेघ होती तशी होती. त्यानं नवी लावली आणि तिथंच उभा राहिला. एक ट्रक गेला, मागं धुळीचा लोट उठला, झाडावरून गेला, त्याच्या डोळ्यांत गेला, दाताखाली कचकचला. त्यानं काच बघितली. तिच्यावर काही नव्हतं.

“आज कोणतरी जायचं हाय की,” महांतप्पा हळूच म्हणाला.

तेवढ्यात खालून चढाला लागलेल्या ट्रकचा हॉर्न वाजला. दोन लांब, एक आखूड. तो हॉर्न लिंबाजी झोपेतही ओळखला असता. गुलाब साखरेची पोती भरून हैदराबादला निघाला होता. कारखान्याच्या मालाचा ट्रक तो दोन वर्षं चालवत होता, आणि नळदुर्ग ओलांडलं की महांतप्पाकडं चहा घेतल्याशिवाय पुढं जात नसे.

गुलाब खाली उतरला तोच हसत. “दादा, तू हितं? काचा पुसायची नोकरी लागली व्हय तुला?”

लिंबाजी केबिनमध्ये चढला आणि चावी काढून खिशात टाकली.

“काय करायलास, दादा?”

“आज पुढं जायचं नाही.”

“माल पोचवायचाय. उद्या सकाळी तितं उतरवून घेणार हायत.”

“दुसरा ड्रायव्हर बघ. तू जायचं नाहीस.”

“पर का?”

एम.एस्सी. झालेल्या माणसाकडं याचं कारण असायला हवं होतं. लिंबाजीनं शोधलं, आणि जे सापडलं ते बोलला. “मला भीती वाटतेय, गुलाब. मी कधी तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज ऐक.”

गुलाबनं दादाचा चेहरा बघितला आणि ऐकलं. नळदुर्गातून त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर बोलावला. तो दुपारी ट्रक घेऊन गेला. लिंबाजी वळणापर्यंत चालत त्याच्या मागं गेला. ट्रक वळणाआड झाला, पलीकडच्या उताराला लागला, लहान होत गेला. काही झालं नाही. गुलाब बाजेवर पडून राहिला, दोनदा जेवला, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं दोघं माघारी उस्मानाबादला आले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा निरोप आला. निरंक. कुणी गेलं नव्हतं. ट्रकही हैदराबादला सुखरूप पोचला होता. कोरी काच आणि निरंक, असं पहिल्यांदाच झालं होतं. आपलं गणित चुकलं याचा लिंबाजीला इतका आनंद झाला, की त्यानं शिपायांना भजी मागवली.

दुपारी कंपासपेटी आली. काच कोरी होती.

तिसऱ्या दिवशीही कोरी होती. निरोप, निरंक.

चौथ्या दिवशीही.

लिंबाजीनं ताजं व्हॅसलिन पाठवलं, नव्या काचा पाठवल्या, पेटी हलवून रस्त्याच्या अगदी कडेला बसवायला लावली. कोरी. महांतप्पानं कंडक्टरकडून निरोप धाडला, की आवाज थांबला तो थांबलाच, त्याला आता झोप लागत नाही. माळावरनं कुणीतरी रस्त्याकडं बघत बसल्यासारखं वाटतंय.

तेव्हा लिंबाजीला कळलं. हातोडे पालथे टाकले होते, आणि ज्याच्यासाठी टाकले होते तो अजून वळणावरून गेला नव्हता.

त्यानं गुलाबला ट्रक सोडायला लावला. भांडण झालं, अबोला झाला, शेवटी ओळखीपाळखी लावून तेरच्या दूध संस्थेत त्याला चिकटवला. तेर नदीकाठचं गाव, हमरस्त्यापासून बाजूला. मथुराबाई त्याची खोली लावून द्यायला म्हणून गेली आणि तिथंच राहिली. दूध मोजायचं, कॅन धुवायचे, संध्याकाळी नदीवर फिरायला जायचं. गुलाब हळूहळू रमला. नळदुर्गाच्या पुढं जाणार नाही, हे त्यानं दादाला कबूल केलं होतं.

पावसाळा आला तसा गेला. ज्वारी निघाली. सहावी काच रोज येत होती, रोज कोरी, आणि वळणावर त्या सगळ्या काळात एकही माणूस दगावला नाही. स्वामीसाहेब जाम खूश. रस्त्यावर त्यांनी पांढरे पट्टे मारून घेतले होते, दोन खडीयंत्रांना नोटिसा दिल्या होत्या. हवा स्वच्छ आणि मृत्यू शून्य, दोन्ही एकाच आलेखात.

“बघा, बनसोडे,” ते म्हणाले. “सरळ केलं की नाही तुमचं उलटं चिन्ह?”

लिंबाजीला बढतीचं पत्र मिळालं. तो पेढे घेऊन तेरला गेला. गुलाब कामावर होता. मथुराबाईनं पेढा हातात घेतला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो ती दर खेपेला विचारायची.

“पडली का धूळ?”

“नाही.”

“अजून न्हाय?”

“बरंच आहे ना, आई. गुलाब समोर आहे आपल्या.”

“व्हय, बरं हाय.” ती पेढा तसाच धरून बसली. “पर त्यांचं किती दिस बुडालं. उन्हात बसल्या असतील. हातोडा पालथा, मोजमाप न्हाय. लेकरं हायत त्यांच्यामागं.”

“आई, त्या नाहीत आता. कुणाची लेकरं, कसलं मोजमाप?”

“तुला काय ठावं. तू बोर्डिंगात होतास.”

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. तरी त्याला ते लागलं, आणि तो लवकर निघाला. गाडीत त्याला वाटत राहिलं, की आपण तिला हे सांगायलाच नको होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. उन्हाळा तोंडावर होता. दुपारी शिपायानं कंपासपेटी टेबलावर ठेवली. लिंबाजीनं सवयीनं काच उचलून खिडकीकडं धरली.

खिडकी दिसली नाही.

काच करडी झाली होती. दाट, बारीक, काळ्या दगडाची धूळ. दुसरं कुणी असतं तर त्यानं फडक्यानं पुसून टाकली असती.

लिंबाजी उठला.  “निरोप आला का नळदुर्गचा?”

“आला की,” स्वामीसाहेब आतून म्हणाले. “निरंक. का हो?”

त्यानं तेरच्या दूध संस्थेला ट्रंक कॉल लावला. लागेपर्यंत तो फोनपाशी उभा होता. गुलाब काल कुठं होता, आज कुठं आहे, कबूल केलेलं मोडून ट्रकवर तर गेला नाही, एवढं एकच डोक्यात. पलीकडं कुणीतरी उचललं, कॅनचा आवाज आला, कुणाला तरी हाका मारल्या गेल्या.

“हां, दादा, बोल की,” गुलाब म्हणाला.

लिंबाजी खुर्चीत बसला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं येऊ दिलं.

“गुलाब, बरा आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय. का रं?”

“काही नाही. असाच केला. आईला दे जरा.”

“आई कुठाय हितं. काल मुरुमला गेली की, मावशीकडं. सकाळच्या गाडीत म्याच बसवून दिलं. खिडकी धरून दिली.”

लिंबाजीनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

“दादा? ऐकायलास न्हवं?”

“पोचली का ती?”

“पोचली असंल की. मावशीकडं कुठं फोन हाय. आन् ऐक, जाताना तो मिठाचा हातोडा पिशवीत घातला तिनं. म्या म्हणलं, मुरुमला काय हातोडा मिळत न्हाय व्हय? तर म्हणती, बाया लई दिस बसून हायत, एक हात तर लागंल.” गुलाब हसला. “म्हातारी झाली आता.”

फोन कधी बंद झाला हे लिंबाजीला कळलं नाही. मुरुमची गाडी नळदुर्गावरून जाते. माळ चढते आणि माथ्यावर डावीकडं वळते.

तो टेबलापाशी आला. काच तिथंच होती. त्यानं ती भिंगाखाली सरकवली आणि, रोजची सवय म्हणून, कण मोजू लागला. दगडाचे काळे कण, धारदार, नेहमीचे.

त्यांच्यामधे काही पांढरे होते. चौकोनी, चकचकीत. या रस्त्याच्या एकाही काचेवर असे कण त्यानं कधी पाहिले नव्हते.

नखाच्या टोकानं त्यानं एक उचलला आणि जिभेवर ठेवला.

मीठ होतं.